रविनाचा उशीर

तळोद्याहून आलेल्या जीपच्या टपावर पानांसकट बांबू बांधला होता आणि आत माणसांत दबून रविना बसली होती. डोंगरातल्या गावाहून वडिलांकडून तोडून घेऊन तिनं तो आणला होता. सात जुलैला नवनीत सरांच्या लोणखेड्याच्या बागेत तानाबाता हा जपानी सण करायचा होता, आणि त्याला बांबू हवाच.

सर तीन वर्षं जपानात राहून आलेले. म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला तिकडे जाऊ बघणाऱ्या मुलींना ते भाषा शिकवत. त्यांची बाग आजोबांच्या वेळची, चाफ्याची, चिंचेची, मधोमध दगडी हौद. हौदाशेजारी त्यांनी बांबू रोवला.

"आकाशातली विणकरीण आणि तिचा गुराखी नवरा आज वर्षातून एकदाच भेटतात," ते म्हणाले. "आपण कागदावर इच्छा लिहून बांबूला बांधायची."

मुली रंगीत कागद घेऊन कठड्यावर बसल्या. कोरीट गावची दीपमाला मात्र पेनाचं टोपण चावत राहिली. तिनं मागितलेलं तिला मिळालं होतं, आणि कसं मिळालं ते तिलाच ठाऊक होतं.

जपानला सहाच जणी जाणार होत्या. परीक्षेच्या गुणांच्या यादीत रविना सहावी, दीपमाला सातवी. मे महिन्यात रविना घरी गेली. तिथे रेंज नाही, म्हणून मुलींना जपानला पाठवणाऱ्या कंपनीतल्या बाईंनी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला, दीपमालाला, फोन केला : "गुरुवारपर्यंत मेडिकलचा दाखला पाठवायला सांगा तिला." रोज वर जाणाऱ्या जीपवाल्याचा नंबर दीपमालाकडे होता. तिनं तो लावला नाही. निरोप दिला तो शुक्रवारी, आत्ताच फोन आला म्हणून. रविना धावतपळत खाली उतरली, तोवर तिच्या जागी दीपमालाचं नाव लागलं होतं.

"जरा बघ ना," रविना तिच्याजवळ सरकली. "अक्षरं बरोबर आहेत का?"

जपानीत लिहिलं होतं, 'पुढच्या वेळी माझ्याकडून उशीर होऊ नये.' सवयीनं दीपमालानं एक राहिलेली रेघ ओढून दिली. मग तिचा हात थांबला.

"तुझ्याकडून कुठं उशीर झाला?"

"झालाच ना. एकदा तरी तळोद्याला येऊन फोन बघायला हवा होता. बाबा पण तेच बोलतात मला."

घरीही हिलाच बोल लागत होता! दीपमालानं पेन खाली ठेवलं.

"चूक मन्ही शे, रविना." घरची बोलीच तोंडातून निघून गेली. "फोन मंगळवारीच आला होता. मी मुद्दाम सांगितलं नाही तुला."

रविनाला आधी थट्टा वाटली. ती हसली, मग हसू विरत गेलं.

"मुद्दाम?"

"हो."

रविनानं कागदाची घडी घालत घालत अगदी नखाएवढी केली. "दोन महिने मी स्वतःला शिव्या देतेय. आणि तू माझ्याच डब्यातलं जेवत होतीस."

दीपमाला उठली आणि सगळ्यांदेखत सरांना सांगून मोकळी झाली. "माझं नाव काढा, सर."

सरांनी मान हलवली. "यादी तिकडे गेली. आता तू नाव काढलंस तर जागा रिकामी जाईल, तिला मिळणार नाही. तुला हलकं वाटावं म्हणून ती वाया घालवू नकोस. मात्र तिच्या वडिलांना तू स्वतः जाऊन सांग."

रविवारी दोघी एकाच जीपनं वर गेल्या, एक पुढे, एक मागे. अंगणात उभं राहून दीपमालानं रविनाच्या वडिलांना, आमशाबाबांना, सगळं सांगितलं. ते लेकीजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्या बोलीत काहीतरी म्हणाले. तेव्हा कुठे रविना रडली. तिच्या आईनं, फुलीबाईनं, दीपमालापुढे पाण्याचा तांब्या धरला. दीपमालानं तो दोन्ही हातांनी घेतला.

निघताना रविना रस्त्यापर्यंत आली.

"जायच्या आधी तुझ्या सगळ्या वह्या मला दे. पुढच्या परीक्षेत मला पहिलं यायचंय."

"देते."

"आणि तिकडून फोन करू नकोस," रविना म्हणाली आणि चढ चढून घराकडे निघून गेली.