दादाच्या हातची चिठ्ठी

"अहो, परत तेच! रिपोर्ट अर्धा उघडतो आणि बसतो अडकून." रुग्णालयाच्या नोंदणीबाई दारातच उभ्या होत्या. "म्हातारं कोण झालंय, तुमचा सर्व्हर की तुम्ही?"

"दोघंही," नेटवर्क दुरुस्त करायला आलेला तो हसला. डोळे मात्र पडद्यावर होते.

तारेतून रिपोर्ट जातो तो तुकड्यातुकड्यांनी. प्रत्येक तुकड्याबरोबर एक ताळा असतो. तो जुळला नाही, की तुकडा टाकून द्यायचा आणि नवा मागवायचा. अशा टाकलेल्या तुकड्यांचा आकडा सकाळपासून वाढत होता. त्याने संगणकातलं नेटवर्कचं कार्ड बदलून पाहिलं, तार खोचायची खोबणी बदलून पाहिली. आकडा चढतच राहिला.

उरली होती फक्त तार. ती त्याने मुद्दामच शेवटी ठेवली होती, कारण ती दादाने जोडलेली होती. दादाला जाऊन चार महिने झाले होते आणि दादाची जोडणी बिघडल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. तारेवर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती. ज्याने जोडणी केली, त्यानेच चिठ्ठी लिहायची, हा दोघा भावांचा नियम.

त्याने टोकावर बॅटरी धरली. आतल्या बारीक तारांचा पीळ अंगठाभर सुटलेला होता.

'पीळ टोकापर्यंत ठेव रे, तोच बाहेरचा गोंगाट आत येऊ देत नाही.' हा तर दादाचा पहिला धडा!

चिठ्ठीवर गेल्या वर्षीची तारीख होती. त्याला तो दिवस आठवला. एका टोकासाठी दादाने अख्खी दुपार घालवली होती. "एवढ्यात मी अख्खा मजला उरकला असता," असं तो स्वतःच दादाला फटकन बोलून गेला होता. दादाने दोन्ही हात खिशात घातले होते. "आळस चढलाय रे," एवढंच म्हणाला होता.

तार मोकळी करताना कपाटामागून एक पिशवी खाली पडली. आत कापून टाकलेली टोकं होती. त्याने मोजली. सतरा. कुठे तारांचा क्रम चुकलेला, कुठे पीळ पार सुटलेला. थरथरत्या हातांनी दादाने सतरा वेळा पुन्हा केलं होतं.

"कोणी केलं होतं हो हे काम?" बाईंनी विचारलं.

"मीच. घाईत केलं. त्या वर्षीच्या सगळ्या जोडण्या आता तपासून घेतो."

त्याने पीळ टोकापर्यंत ठेवून नवी तार जोडली आणि आकडा शून्यावर आणला. रिपोर्ट एकामागून एक उघडू लागले. शून्य हललं नाही.

मग जुन्या तारेवरची चिठ्ठी त्याने नखाने अलगद सोडवली आणि नव्या तारेवर लावली. ती केव्हाच घट्ट चिकटली होती. तरी अंगठा त्याने बराच वेळ तिच्यावर दाबून धरला.