सुटलेला प्याला

"सीमा नाही, डोंगर नाही, लढाई नाही. आणि गेलेल्यांच्या नावाने प्याला तर अजिबात नाही," मी बाबांना बजावलं.

"मग बोलू काय, द्राक्षांवर?"

"हो. द्राक्षांवर बोला."

"केतो, लग्न असो की बारसं, गेलेल्यांची आठवण काढल्याशिवाय तमादा मेज सोडत नाही." तमादा म्हणजे मेजाचा कारभारी, तो बोलतो, मग बाकीचे पितात.

"आज सोडेल."

मी तिबिलीसीत परराष्ट्र खात्यात. आमचे दोन शेजारी देश त्याच डोंगरांसाठी भांडत आलेले, आणि मधल्यामधे आम्ही. आम्हाला दोघांशीही जवळीक हवी. पण त्या डोंगरातल्या प्रत्येक गावाला दोन नावं, आणि कागदावर कुठलं लिहायचं इथेच दर वेळी घोडं अडायचं. शेवटी नाकदुऱ्या काढून मी येरेवानचे ह्रांत आणि बाकूचे रमीझ, दोन्ही देशांच्या उपमंत्र्यांना तेलावीच्या आमच्या घरी दुपारच्या जेवणाला आणलं. उठण्याआधी पुढची भेट ठरली नाही तर हा नाद सोडा, असं आमच्या साहेबांनी साफ सांगितलं होतं.

"वांगं छान झालंय," ह्रांत मला म्हणाले.

"वांगं छान आहे," रमीझ म्हणाले, तेही मलाच. मी काय टपालखातं आहे?

बाबांनी पाहुण्यांसाठी प्याला उचलला, आयांसाठी उचलला, द्राक्षांसाठीही. मग माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकून थेट लेकराबाळांवर उडी मारली.

रमीझनी प्याला खाली ठेवून बाबांकडे पाहिलं. "बद्रीदादा, एक सुटला."

"वय झालं, विसरलो," बाबा म्हणाले.

"विसरतायत कसले," ह्रांत रमीझकडे वळून म्हणाले. "बाईंनी दम दिला असणार."

"मलाही तेच वाटतं."

अख्ख्या जेवणात दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, तेही माझ्यावर घसरायला. "घ्या, बाबा," मी म्हटलं.

गेलेल्यांसाठी ओततात तशी बाबांनी पावाच्या तुकड्यावर थोडी वाइन ओतली. "माझा लेवान. सुखुमीच्या लढाईत गेला." आई गेल्यापासून माझ्या भावाचं नाव घरात कोणी घेतलं नव्हतं. मला ते ऐकवत नाही. पाहुण्यांचं निमित्त करून मी स्वतःलाच वाचवत होते.

"अलावेर्दी, ह्रांतसाहेब," बाबा म्हणाले. ज्याला अलावेर्दी मिळते त्याने तोच प्याला पुढे न्यायचा. नाही म्हणता येत नाही.

"आर्सेन. माझा मुलगा." ह्रांत प्याल्याकडे बघत राहिले. पुढे द्यायला मी होते, बाबा होते. "अलावेर्दी, रमीझ."

"एमिन. माझा धाकटा भाऊ."

कुठल्या डोंगरावर, ते कोणी विचारलं नाही.

"ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आमचं सगळं गाव कबरींवर जातं," बाबा म्हणाले. "लेवान सापडलाच नाही. मी घरीच बसून असतो. त्या दिवशी या."

"आर्सेनही सापडला नाही," ह्रांत म्हणाले. "मी येईन."

आर्सेन गेला तो सगळा डोंगराळ भाग आता रमीझच्या देशाच्या ताब्यात होता. रमीझनी खिशातून पेन काढलं. "कुठल्या गावापाशी?"

ह्रांत नाव सांगायला गेले आणि अडखळले.

"तुम्ही म्हणता ते नाव सांगा. मला कळतं."

ह्रांतनी सांगितलं. रमीझनी कागदी रुमालावर तेच लिहून घेतलं आणि नीट घडी करून खिशात ठेवलं.