रकाना सात: माशा कशाने मेल्या

रकाना ७. हानीचे कारण (एका ओळीत).

~~शेजारील शेतातील विषारी फवारणी.~~

बलभीमकाकांनी सांगितलं, मी लिहिलं. नंतर मीच खोडलं. अर्जात खाडाखोड चालत नाही, असं तळाला बारीक अक्षरात छापलंय. अठरा पेट्या मधमाशा मरायला एकच ओळ देणाऱ्यांनी मला नियम सांगू नयेत.

रकाना १. अर्जदार.

माझे सख्खे काका. राहणार अणदूर, तालुका तुळजापूर. अक्षर चांगलं म्हणून नुकसानभरपाईचा अर्ज माझ्याकडे आला. शेतीची पदविकाही माझ्याकडे आहे, पण ती घरात कुणाला दिसत नाही. काकांकडे अनुभव आहे. अनुभव म्हणजे मोबाईल. बांधावर उभं राहून ते ‘नमस्कार निसर्गमित्रांनो’ म्हणतात आणि निसर्ग मागं फुकट उभा असतो.

रकाना ४. एकूण पेट्या बावीस. मृत अठरा. जिवंत चार.

काका हेही ‘अठरा’ अभिमानानं सांगतात. जिंकल्यासारखं.

रकाना ८. जबाबदार इसमाचे नाव.

इथं काकांना ‘पाशामियाँ’ हवं होतं.

पाशाचाचांचं शेत आमच्याला लागून, मध्ये ओढा. वय सत्तरच्या पुढं. त्यांनी तुरीवर अळीसाठी एकदा औषध मारलं. काकांनी संक्रांतीनंतर मेलेल्या माशा ओंजळीत घेऊन व्हिडिओ काढला, त्यात चाचांचं नाव घेतलं, आवाज कापरा केला. अकरा हजार लोकांनी पाहिला. तेव्हापासून चाचा देवळासमोरच्या हॉटेलात चहाला येत नाहीत. आले होते एकदा. कुणीतरी विचारलं, “काय चाचा, आज कुणाला मारून आलाव?” सगळे हसले. चाचांनी अर्धा कप तसाच ठेवला.

या अर्जाची एक प्रत पोलीस ठाण्यात जाते. म्हणजे रकाना आठमध्ये मी काय लिहिते, त्यावर त्या माणसाचं म्हातारपण ठरणार होतं. आणि मला सांगितलं होतं, “संध्याकाळपर्यंत उरक.”

रकाना ७. (पुन्हा.)

~~हवामान बदल.~~

हे तालुक्याहून आलेल्या साहेबांचं. बारा मिनिटं होते. एकही झाकण उघडलं नाही, नारळपाणी मात्र दोनदा घेतलं. ज्याला काही कळत नाही त्याला हवामान बदल फार उपयोगी पडतो.

रकाना ७. (पुन्हा.)

मी लिहीत बसले असताना नसीमचाची आल्या. पाशाचाचांची बायको. खांद्यावर ओला कुर्ता.

“बलभीम, तुझ्या माशांना जुलाब लागलेत,” त्या म्हणाल्या.

काका मोबाईलमधून वर बघेनात. “भाभी, हितं माझा धंदा बसला, न् तुम्ही कपडे दाखवायलाव.”

“मग कुणाला दाखवू? माशा तुझ्याच न्हवं? हे बघ ह्यांचा जुम्म्याचा कुर्ता. दोन महिने सगळं धुणं दोनदा धुवायले.”

पांढऱ्या कुर्त्यावर पिवळट तपकिरी ठिपके. खाली ओघळलेले. असेच ओघळ मी आमच्या पेट्यांच्या तोंडाशी पाहिले होते. काका त्याला मेण म्हणत.

“चाची, हे कधीपासून?”

“तुमचं गुऱ्हाळ पेटलं, त्याच्या दुसऱ्या जुम्म्यापासून.”

“आणि चाचांनी औषध कधी मारलं?”

“त्याच्या आदी महिनाभर. सांजच्याला, माशा घरी गेल्यावर. तुझ्या काकाला सांगून मारलं, बेटा. विचार त्याला.”

“सांगितलं म्हून विष काय गोड होतंय?” काका म्हणाले. हे वाक्य व्हिडिओत लई चाललं होतं.

रकाना ९. पूरक खाद्य दिले असल्यास तपशील.

काकांनी हा कोरा सोडायला सांगितला होता. “महत्त्वाचा न्हाय त्यो.”

तपशील असा. दसऱ्याला काकांनी पेट्यांतला सगळा मध काढला, थेंबही ठेवला नाही. थंडीसाठी माशांना थोडा ठेवावा, नाहीतर साखरेचा पाक द्यावा, असं काकांना प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण काकांच्या बाटलीवर ‘साखरमुक्त मध’ छापलंय आणि काकांच्या मते साखर म्हणजे विष. मग स्वतःच्या गुऱ्हाळातला बिनरसायनी गूळ पाण्यात कालवून रोज संध्याकाळी वाटीनं दिला. त्याचाही व्हिडिओ आहे. ‘माशीला आईची माया द्या.’

गूळ माणसाला चांगला. माशीच्या पोटात त्यातला मळ साठतो. थंडीत तिला बाहेर पडता येत नाही, पोट फुगतं, पेटीतच घाण होते. दुपारी ऊन आलं की उडते आणि पहिल्या पांढऱ्या गोष्टीवर मोकळी होते. पहिली पांढरी गोष्ट म्हणजे चाचीच्या दोरीवरचं धुणं.

हे पदविकेच्या पुस्तकात आहे. मी वाचलं होतं. दोन महिने रोज ती गुळाची बादली ओलांडून मी घरात जात होते. एवढी हुशार मी.

रकाना १०. स्थळ पाहणी.

साहेबांनी केली नाही ती मी केली. औषधानं माशा मेल्या तर दोन दिवसांत पेटीपुढं ढीग पडतो. आमच्याकडे ढीग कधी पडलाच नाही, माशा दोन महिने झिजत गेल्या. काकांनी ओंजळीत घेतलेल्या माशा अठरा पेट्यांच्या तळातून झाडून गोळा केलेल्या. चौकटींवर तेच तपकिरी ओघळ.

मग ओढा ओलांडला. जिवंत चार पेट्या पलीकडं, चाचांच्या बांधावर, तुरीत. इकडं जागा नव्हती म्हणून काकांनीच मृगात तिथं ठेवलेल्या. औषध मारलं ते यांच्यापासून चार हातांवर. मी झाकण उघडलं. माशा एकमेकींना धरून, जड, चिडलेल्या. चौकटीच्या कोपऱ्यांत मध भरलेला. एक माझ्या मनगटाला चावली. मला बरं वाटलं.

काका दसऱ्यापासून तिकडं गेलेच नव्हते. आधी ओढ्याला पाणी होतं, मग चिखल होता, मग सवय होती. त्यामुळं तिथला मध निघाला नाही आणि गूळही पोचला नाही. अठरा पेट्या काकांच्या मायेनं मेल्या. चार आळसावर जगल्या.

रकाना ७. (शेवटचं.)

अर्जदाराने थंडीत दिलेला गूळ.

रकाना ८. अर्जदार.

काकांनी दोनदा वाचलं. चाची दारातच होत्या, पाशाचाचाही येऊन उभे राहिले होते.

“येडी का खुळी तू? म्या माझ्याच नावानं तक्रार करू?”

“मग विषाजवळच्या चार कशा जगल्या काका?”

“त्या चार उद्या हिकडं आणतो. गुळाचं पाणी दिलं की अजून सुधारतील,” काका म्हणाले, आणि म्हणताना थांबले. कुर्त्याकडं बघितलं. पेट्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना समजायला वेळ लागतो, पण समजतं.

त्यांनी अर्जाची चौघडी केली आणि खिशात घातली. “जाऊ दे. मिटलं.”

“तुझं मिटलं,” चाची म्हणाल्या. “जिथं बोलला तिथं बोल आता.”

काकांनी मोबाईल माझ्या हातात दिला. केस सारखे केले.

“नमस्कार निसर्गमित्रांनो. काही शास्त्रीय कारणांमुळं…”

“नाव घे,” चाची म्हणाल्या. “त्या टायमाला लगेच आलं होतं तोंडात.”

दुसऱ्यांदा काका ‘गैरसमज’ म्हणाले. तिसऱ्यांदा खोकला आला. चौथ्यांदा ते खाली बघून म्हणाले, “पाशामियाँच्या फवारणीनं न्हाय. माझ्या गुळानं.” आवाज कापरा होता. या वेळी त्यांनी केला नव्हता.

मी व्हिडिओ लगेच पाठवून दिला, त्यांचा हात पोचायच्या आत.

पाशाचाचा पुढं झाले. बायकोच्या खांद्यावरचा कुर्ता घेतला, झटकला.

“चार पेट्या माझ्याच बांधावर राहू दे, बलभीम,” ते म्हणाले. “तुझं तिकडं येणं होत न्हाय, तेच बरंय.”

आणि हॉटेलच्या रस्त्याला लागले.