वासूला नाही कोण म्हणणार

माझी आतेबहीण सेराइमा राजधानीत, सुवाच्या विद्यापीठात पीएचडी करते. गेल्या वर्षी तिने आमच्याच गावाला आपला विषय केलं. समुद्र वर चढतोय, तर किनाऱ्यावरची गावं टेकडीवर हलवायची की नाही हे नक्की ठरवतं कोण, सरकार की गावकरी, असा तिचा प्रबंध. आतेबहिणीला चिडवणं हा आमच्याकडे हक्कच. मी म्हटलं, "एवढं शोधायला तीन वर्षं लागतात होय? मला विचार, चहा उकळेपर्यंत सांगते."

"तू सांगशील गं तोकासा, पण तुझं ऐकतंय कोण?"

तिला एक कोडं छळत होतं. सरकारी अधिकारी दोनदा येऊन गेला होता. गावाने त्याच्याबरोबर यांगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं मानाचं पेय, प्यायली, माना डोलावल्या आणि कोणी जागचं हललं नाही. असं का, हे शोधायला सेराइमा आवाज टिपायचं यंत्र घेऊन घरोघर फिरली. प्रत्येकाला एकच प्रश्न: टेकडीवर घर मिळालं तर जाल का? आणि सगळे हो म्हणाले! त्या अधिकाऱ्याला दारातून पिटाळणारी उनाइसीआजीसुद्धा.

"काहीतरी बदललंय," सेराइमा खूश होऊन म्हणाली. "काय, ते कळलं की माझा प्रबंध झालाच."

"तुझं थोबाड बघून बदलले असतील." मी गमतीने बोलले, पण नेम बरोबर लागला होता.

सेराइमा आमच्या गावची वासू, म्हणजे गावातल्या मुलीची लेक. वासूने आजोळी येऊन काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. मागच्या नाताळात ती बाबांच्या नव्या जाळ्याला नुसतं "छान आहे" म्हणाली आणि जाळं सुवाला गेलं. तिथे ते भिंतीवर टांगलंय. बाईला जरा लाज नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी दालोचे, म्हणजे अळूचे, कंद काढायला टेकडीवर गेलो. बघतो तर बाबांचं अर्धं शेत उपटलेलं, जागोजाग खुंट्या, दोऱ्या. मधोमध बाबा फावडं घेऊन उभे.

"मामा, सरकारने मंजुरी दिली?" सेराइमाने विचारलं.

"सरकारचा काय संबंध? तू मागितलंस ना."

"मी? मी फक्त विचारलं हो!"

"वासू घराघरात जाऊन विचारते, टेकडीवर जाल का. आता माणसाने काय समजायचं?"

ती मटकन चिखलातच बसली. तिला मिळालेला एकही होकार आता खरा धरता येत नव्हता. मी तिला समजावलं, "गप्प राहा ना. तू डॉक्टर होशील, गाव कोरडं राहील. कोणाचं काय बिघडतंय?"

"उनाइसीआजीचं. ती हो म्हणताना रडत होती गं. मला वाटलं, आनंदाने." मग हाताचा चिखल पुसत ती म्हणाली, "गेलं माझं काम तर जाऊ दे. पण त्यांना खरंच काय हवंय, हे आता कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही."

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे सभेच्या घरात जमले. बाबा गावचे प्रमुख. सेराइमाने यांगोनाच्या मुळ्यांची जुडी त्यांच्यापुढे ठेवली, रीतीप्रमाणे टाळ्या वाजल्या, मग ती बोलली. "मी गाव हलवायला सांगितलं नव्हतं. पण आता वासू म्हणून एक मागते. ज्याला जायचं नाही, त्याने मला तोंडावर नाही म्हणावं."

सगळे चटईकडे बघत बसले. शेवटी उनाइसीआजीने तोंड उघडलं. "मी नाही जाणार. झोप उडालीय माझी. आणि त्या तुझ्या यंत्रात बोलले ना, ते पुसून टाक."

"पुसते, आजी."

मग एकेक जण बोलू लागला. जवळजवळ अर्धं गाव नाही म्हणालं. दर नकाराला सेराइमाचा चेहरा उतरत होता, पण डोळे चमकत होते. सगळ्यात शेवटी ती बाबांकडे वळली. "आणि तुम्ही, मामा?"

बाबांनी हातातली यांगोनाची करवंटी खाली ठेवली. "मला जायचंय."

त्यांनी समुद्राकडे बोट केलं.

"भरतीचं पाणी तोकासाच्या आईच्या कबरीला लागतंय. रोज पहाटे जाऊन मी फावड्याने कबरीभोवती वाळू लोटतो. गाव वर गेलं तर तिलाही नेता येईल. तिला एकटीला वर ठेवायला मन धजत नाही. पण एका कबरीसाठी गावाला उठा कसं म्हणू? तू विचारलंस, मला वाटलं, सुटलो."

मी त्याच घरात राहते. पहाटे बाबा होडी बघायला जातात, असंच मी धरून चालले होते. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

"मेल्या, मग तोंड शिवलं होतं का तुझं?" उनाइसीआजी कडाडली. "बायको तुझी असेल, पण पोर या गावची नव्हती का?"

मग गाव खरोखरचं भांडायला लागलं. कोणी म्हणे फक्त कबरी वर न्या, कोणी म्हणे बांध घाला, कोणी म्हणे जाऊ या बाई एकदाचे. सेराइमाने यंत्राला हात लावला नाही, नुसती ऐकत राहिली.

मी बाबांजवळ सरकले. "उद्या मला उठवा."

"फावडं एकच आहे," ते म्हणाले.

"मग मी हाताने लोटेन."