पाहुण्यांसाठी धुतलेलं हेलिकॉप्टर

सदाशिव पेठेतल्या माणसाने हेलिकॉप्टर घ्यायचं काढलं की शेजारी किंमत नंतर विचारतात, आधी विचारतात, "लावणार कुठे?"

"तुमच्या गच्चीवर. पापड तेवढे आत घ्या," अनिरुद्ध लिमये म्हणाले आणि त्यांनी स्कूटरला किक मारली.

हौस म्हणून घेत नव्हते ते. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर एका छोट्या, एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरने ते डोंगरातले रुग्ण पुण्याला आणत. गेल्या श्रावणात वेल्ह्याकडच्या एका वाडीतून निरोप आला, हिरा नावाची बाई बाळंतपणात अडली होती. ढग खाली उतरलेले, पायाखाली दरी आणि भरवसा एकुलत्या इंजिनावर. लिमये अर्ध्या वाटेतून परतले. हिराला डोलीतून खाली नेलं. ती वाचली, बाळ गेलं. निर्णय बरोबरच होता, असं सगळ्यांनी सांगितलं. त्या बरोबरपणाची लिमयांना अजून चीड येत होती.

आता माघ चालू होता. हिराला पुन्हा दिवस गेले होते आणि तारीख यंदाही श्रावणातलीच होती.

म्हणून हे दोन इंजिनांचं, मध्यम आकाराचं, ढगांतून वाट काढणारी यंत्रं असलेलं, पण वापरलेलं हेलिकॉप्टर बघायला ते हडपसरच्या पुढे आले होते. बरोबर त्यांची इंजिनिअर, धायरीची आम्रपाली गजभिये. "तू हो म्हणालीस तरच घेईन," असा शब्द त्यांनी तिला दिला होता.

विकणाऱ्यांचे व्यवस्थापक तात्याराव जगदाळे पेढे घेऊन उभेच होते. हेलिकॉप्टरला झेंडूचा हार, पुढे फोडलेला नारळ. पंखापासून पोटापर्यंत सगळं लखलखीत. लिमये बघताक्षणी विरघळले.

आम्रपाली झाकणं उघडून तासभर आत डोकावली आणि तोंड पाडून बाहेर आली.

"सर, मी हो म्हणू शकत नाही. फारच स्वच्छ आहे."

"पुण्यात ही तक्रार प्रथमच ऐकतोय," लिमये म्हणाले.

"तेल कुठून झिरपतं, डाग कुठे पडतो, त्यावरून यंत्राची तब्येत कळते. इथे सगळं पुसलंय. गिअरबॉक्सच्या तेलात चुंबकाचं बूच असतं. आतले दात झिजले की चुरा त्याला चिकटतो. तेही घासून ठेवलंय."

"मीच घासलं सोताच्या हातानं," तात्याराव दुखावून म्हणाले. "पाहुणं येणार म्हणल्यावर घर झाडायचं नाय का? बरं, दुपारी इंदूरची पार्टी येतीय. आधी हो म्हणंल त्याचं हाय हे."

"दीड तास उडवू, मग पुन्हा बघते," आम्रपाली म्हणाली.

तेवढ्यात इंदूरवाले आले तर? 'हो' अगदी लिमयांच्या ओठांवर आलं होतं. पण दिलेला शब्द मोडून घेतलेल्या यंत्रात हिराला बसवायचं कसं? त्यांनी पेढा तोंडात कोंबला आणि ते वैमानिकाच्या खुर्चीत चढले.

वर गेल्यावर त्यांनी एक इंजिन मंद केलं. घरातला थोरला आजारी पडल्यावर धाकटा मुकाट्याने कामाला लागावा, तसा दुसऱ्याने सगळा भार घेतला.  आता हे हातचं गेलं तर लिमयांना सोसवणार नव्हतं.

उतरल्यावर, पंखे थांबून यंत्र जरा निवल्यावर, आम्रपालीने गिअरबॉक्सखाली बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"गळतंय," ती म्हणाली.

लिमये हेलिकॉप्टरच्या पायरीवर बसले. संपलं सगळं, त्यांना वाटलं.

"अहो सर, गळायलाच हवं! गळतंय तेही नेमकं रबरी सीलपाशी, जिथे या वयाचं यंत्र गळतं तिथेच. सील बदलू." मग तिने बूच काढून उन्हात धरलं. त्यावर चुऱ्याचा कणही नव्हता. "आतून ठणठणीत आहे. माझा होकार."

"बघा!" तात्याराव फुलून म्हणाले. "इंदूरवाल्यांना वाटेतनंच माघारी लावतो."

लिमयांनी डोळे पुसले, लपवले नाहीत. मग वाडीत फोन लावला.

"हिरा, लिमये बोलतोय. तुमच्या शाळेसमोरचं माळरान आहे ना, त्यातले दगड श्रावणाच्या आत काढून घ्या. या वेळी मी परत फिरणार नाही."

 ती म्हणाली, "श्रावण कशाला, सायेब? आजच काढाया लावते."