वरचा लेख, तळाची दुरुस्ती

मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतलं सर्च इंजिन बोलतोय. बसा. गोष्ट सांगतो, पण आधी पैज लावा: शेवटी कोणाला भोगावं लागलं ते ओळखून दाखवा. माझं नाव घ्याल तर पहिल्याच फटक्यात हरलात.

मला घडवलं कंप्युटरवाल्या बाईंनी. दुनियाभरचे संशोधनाचे लेख माझ्या पोटात कोंबले. हसू नका, पण त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. कुणी 'मधमाशी' टाइप केलं, की जिथं जिथं मधमाशी दिसेल ते सगळं समोर ओतायचं, एवढंच येत होतं. कुणी लेखाच्या शेवटी मधमाशीचे आभार मानले असले, तरी तो लेख मी पहिला काढायचो. पोरं डोकं धरून बसायची. मला मजा यायची.

तक्रारी वाढल्या. मग बाईंनी नवीन शिकवलं: लोक जो लेख जास्त वेळा उघडतात तो वर ठेवायचा. झालं, मी रातोरात हुशार ठरलो. माणसं भारी आळशी हो. पहिला लेख उघडतात, दुसऱ्याकडे तिरप्या डोळ्यानं बघतात, आणि त्याखाली जायचं म्हटलं की बोटाला जणू फोड येतो. पहिला म्हणून उघडतात, उघडतात म्हणून तो पहिलाच राहतो.

ही गोम एका सरांनी बरोबर हेरली. कीटकांचे सर, रिटायर व्हायला आलेले. सकाळी चहाचा कप घेऊन यायचे, मधमाश्यांच्या किडीवरचा स्वतःचाच लेख शोधायचे, उघडायचे, मिटायचे, परत उघडायचे. गालातल्या गालात हसायचे. मी मुकाट मोजत गेलो. लेख वर चढला तो खाली उतरेचना.

त्या लेखात चूक होती. औषधाचा डोस दहापट छापला गेला होता. सरांनी नंतर इमानदारीनं दुरुस्ती छापून आणली, दोन ओळींची. तीही माझ्यापाशी होती, पार तळाला. स्वतःची चूक चहाबरोबर कोण उघडून बघतं?

सरांची लेक तिथंच पीएचडी करत होती, दुसऱ्या विभागात. तिचा हट्ट, बाबांना काही विचारायचं नाही. लोक म्हणतील, बापानं डिग्री मिळवून दिली. टेकडीमागं तिनं मधमाश्यांच्या पेट्या पाळल्या होत्या. सगळा प्रबंध त्या माश्यांच्या जिवावर. पेट्यांना कीड लागली तशी ती माझ्याकडे धावली. मी पहिला लेख काढून दिला, वर बाबांचं नाव. बाबांचं लिहिलेलं, त्यात तपासायचं काय, असं मैत्रिणीला म्हणाली आणि डोस लिहून घेऊन गेली.

पुढच्या खेपेला ती बापाला घेऊन आली. औषध दिल्यावर माश्या पेट्यांखाली सडा घातल्यासारख्या पडल्या, असं दारातूनच त्यांना सांगत होती. खुर्चीत बसली आणि एकेक पान मागं टाकत तळापर्यंत गेली. तिथं दुरुस्ती सापडली.

"बाबा, ही तुम्हीच लिहिलीय?"

"हो गं."

"मग ही इतकी खाली, आणि ते वर कसं?"

सरांनी माऊस ओढून पहिलं पान परत काढलं.

"रोज मीच उघडायचो तो लेख. वर दिसला की बरं वाटायचं."

"आणि दुरुस्ती?"

"ती नाही उघडली कधी."

पोरीनं आवाज चढवला नाही. उठून सरळ बाईंकडे गेली. तेव्हापासून मी लेख दाखवला की त्याची दुरुस्ती त्याच्याच कपाळावर चिकटवतो, आणि एकाच माणसानं शंभरदा उघडलं तरी एकदाच धरतो. सर आता चहा घरीच पितात.

तुम्ही तेवढं एक करा. मी पहिला म्हणून जे पुढं करीन त्यावर थांबू नका, जरा खाली उतरून बघा. शहाणपण शिकवलंय मला, पण अक्षर अजून कळत नाही.

पोरीची एकही पेटी वाचली नाही. फुलोरा संपला होता, त्या साली नव्या पेट्या भरणं शक्य नव्हतं. बाईंनी, मैत्रिणीनं, सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण परत माश्या पाळायला तिचा हात धजावला नाही. प्रबंध सोडून दिला तिनं.