अर्धंच सांगितलं

शाळेच्या जिन्याखाली एक खोली होती. तिच्यात रेक्झिनचा एक पलंग, एक स्टूल, पाणी तापवायची किटली आणि शेकायची रबरी पिशवी. एवढ्या भांडवलावर एक बाई एकोणीस वर्षं शाळेचा दवाखाना चालवत होती. कागदोपत्री ती शिपाई. मुलं तिला शेकमावशी म्हणायची आणि मुलांचं ऐकून शिक्षकही. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

प्राथमिक शाळेतल्या मुलांचं दुसरं काही दुखत नाही, पोटच दुखतं. गणित आलं नाही, पोट. मैत्रिणीने कट्टी घेतली, पोट. रात्री घरात भांडणं झाली, तरी सकाळी पोटच. शेकमावशी पोटावर हात ठेवायची आणि दोन मिनिटांत ओळखायची, हे जेवणाचं की दुसरं. दुसरं असेल तर पिशवी भरून द्यायची आणि मुलाकडे पाठ करून टॉवेलांच्या घड्या घालत बसायची. विचारायचं काही नाही.

"विचारलं की पोरं आपल्याला हवं ते सांगतात," ती म्हणायची. "गप्प बसलं की त्यांना हवं ते सांगतात."

दुसरीतली एक किडकिडीत मुलगी त्या वर्षी रोज दुसऱ्या तासाला यायची. वर्गात तिला टाचणी म्हणत. फ्रॉकची बटणं एक घर चुकवून लावलेली, केसांत कालचाच गुंता. जवळजवळ महिनाभर ती काही बोलली नाही. मग एक दिवस छताकडे बघत म्हणाली, "आई उठत नाही."

मावशीने टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"ताप नाहीये तिला. भिंतीकडे तोंड करून झोपते नुसती. भात मी लावते. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करायचा."

बाबा बोटीवर असायचे, सहा-सहा महिने. त्यांना काळजी नको म्हणून फोनवर मायलेकी छान छान बोलत.

"कुणाला सांगू नका," टाचणी म्हणाली. "आत्याला तर मुळीच नका सांगू. आत्या आईला म्हणते, पुन्हा अशी झोपलीस तर तुला माहेरी सोडून येईन आणि पोरीला मी घेऊन जाईन."

"माझ्या पोटात राहील," मावशी म्हणाली. आणि राहिलंही, चांगलं दोन महिने.

नुसतं पोटात ठेवून ती बसली नव्हती. विसरलेली पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने ती एका रविवारी टाचणीच्या घरी गेली. दार उघडायला खूप वेळ लागला. दारात उभी राहिलेली बाई जेमतेम तिशीची असेल, पण जिना चढून आल्यासारखी धापा टाकत होती. मावशीने बाटली दिली, ओट्याजवळची भांडी घासली आणि निघून आली. पुढच्या रविवारी निमित्तही लागलं नाही. तिसऱ्या रविवारी आई उठून खुर्चीत बसली. चौथ्या रविवारी तिने लेकीची वेणी घातली, वाकडीतिकडी, अर्ध्यात दमून सोडलेली. सोमवारी टाचणी ती वेणी तशीच मिरवत आली आणि त्या दिवशी तिचं पोट दुखलं नाही. मावशीला वाटलं, गाडी रुळावर येतेय. उगाच वाटलं नव्हतं ते. खरोखरच येत होती.

मग शाळेत 'सुखी मूल, सुखी शाळा' ही योजना आली. योजनेबरोबर फायली आल्या, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचा तक्ता आला आणि एक समुपदेशक बाई आल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एखादा खलनायक असता तर मावशीचं दुःख तरी सोपं झालं असतं. बाई मुलांच्या उंचीला बसून बोलत. फक्त त्यांना सगळं लिहावं लागे आणि लिहिलेल्यावर आठ दिवसांत काही केलं, हे दाखवावं लागे.

पहिल्याच बैठकीला त्यांनी शेकमावशीला बोलावलं. ती सवयीने दाराशी उभी राहिली, तर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः म्हणाल्या, "अहो, बसा ना." एकोणीस वर्षांत त्या टेबलावर तिने हजारदा चहा ठेवला असेल. त्या दिवशी तो तिच्यापुढे ठेवला गेला, कपबशीत.

"मावशी, तुमच्याइतकं मुलांना कोण ओळखतं?" समुपदेशक बाई म्हणाल्या. "आमच्या पदव्या एकीकडे आणि तुमचा हात एकीकडे."

हरभऱ्याच्या झाडावर माणूस असा चढतो. पायाखालची फांदी बघत नाही. मावशीने दोन-तीन मुलांचं किरकोळ सांगितलं. सगळे माना डोलावू लागले. कुणीतरी म्हणालं, "कमाल आहे!" आणि मग, आणखी एक 'कमाल आहे' ऐकायची इच्छा झाली म्हणून, दुसरं काही कारण नाही, तिने टाचणीचं सांगितलं. आई उठत नाही. भात मुलगी लावते. तीन शिट्ट्या.

समुपदेशक बाईंचे डोळे भरून आले. मोठ्या बाईंनी लिहून घेतलं.

'पण आत्याला कळवू नका' हे मावशीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मोठ्या बाईंनी बिस्किटांची बशी स्वतःच्या हाताने तिच्यापुढे धरली. मोठ्या बाई बशी धरून उभ्या असताना घ्यायचं की बोलायचं? तिने बिस्कीट घेतलं. ते तोंडात असताना बोलणं बरं दिसलं नसतं. ते गिळेपर्यंत विषय जिन्याखालच्या खोलीला पिवळा रंग द्यायचा की आकाशी, यावर गेला होता. नंतर सांगू, असं तिने ठरवलं. नंतर कपबशा विसळायच्या होत्या, घंटा द्यायची होती.

तीन दिवस टाचणी शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी आली ती तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्यांत, बटणं जिथल्या तिथे. मावशीला बघून तिने रस्ता बदलला.

मावशी तडक समुपदेशक बाईंकडे गेली. "आत्याला कळवलंत?"

"आईंना चारदा फोन केला, उचललाच नाही त्यांनी. अर्जावर दुसरा नंबर आत्यांचा होता. नियमच आहे तसा." बाई खरंच गोंधळल्या होत्या. "किती तत्पर आहेत हो त्या, दुसऱ्याच दिवशी आल्या. वहिनींना माहेरी पोचवलं, मुलीला स्वतःकडे नेलं. का? काही चुकलं का? तुम्ही तर काही बोलला नव्हतात."

नव्हती बोलली. मावशी टेबलावरचा रिकामा कप उचलून निघाली. आता सांगून आई परत येणार नव्हती, फक्त आणखी एक बाई रात्रभर जागी राहिली असती.

त्यानंतर टाचणीचं पोट एकदाही दुखलं नाही. अहवालात ते ठळक अक्षरांत आलं: वारंवार होणारी तक्रार पूर्णपणे थांबली. वर्षअखेरीच्या कार्यक्रमात शेकमावशीचा सत्कार ठरला. तिने नको म्हणून पाहिलं, पण तो विनय समजला गेला. आणि तबक धरायला कोणाला उभं करायचं, यावर मोठ्या बाईंना फार विचार करावा लागला नाही. जिचं भलं झालं तीच मुलगी शोभून दिसली असती.

पाहुणे भाषणाच्या शेवटाशी आले होते. टाचणी तबक घेऊन मावशीच्या शेजारी उभी होती, सरळ समोर बघत.

"तुम्ही सांगितलंत ना?" तिने ओठ न हलवता विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. दुसऱ्या कुणाकडून कळलं असेल गं, म्हटलं असतं तर पोरीने विश्वास ठेवला असता. तिला ठेवायचाच होता, ते तिच्या आवाजात ऐकू येत होतं.

"हो," मावशी म्हणाली. "मीच."

टाचणीने मान हलवली. पाहुण्यांनी शाल उचलली. टाळ्या सुरू झाल्या, आणि दोन्ही हात तबकात अडकलेले नसते तर शिकवल्याप्रमाणे तिनेही वाजवल्या असत्या.